वाचनालयातलं फुकट काय, आणि ते पदरात कसं पाडून घ्यायचं

‘लायब्ररीत सगळं फुकट असतं’ असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी आपल्याकडच्या वाचनालयाची पायरी बहुधा चढलेली नसते. महाराष्ट्रात १९६७ च्या कायद्याखाली सरकारी अनुदान घेणारी हजारो सार्वजनिक वाचनालयं आहेत, पण ती चालवतात गावोगावच्या संस्था. पुस्तक घरी न्यायचं तर अनामत आणि वर्गणी भरावी लागते. ती फार नसते, भरून टाका आणि अनामतीची पावती जपून ठेवा, कारण ते पैसे परत मिळतात.

मात्र जागेवर बसून जे वाचायला मिळतं, ते बहुतेक सगळं फुकट असतं आणि माझ्या मते तेच जास्त मोलाचं असतं. त्याची पाटी कुठे लावलेली नसते, एवढंच. विचारावं लागतं, आणि नीट विचारावं लागतं. हा लेख मुख्यतः त्या विचारण्याबद्दल आहे.

आधी वाचनालय कोणत्या वर्गातलं आहे ते बघा. अनुदानासाठी वाचनालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले असतात. ‘ड’ वर्गातल्या छोट्या वाचनालयाकडून संदर्भ विभागाची अपेक्षा धरण्यात अर्थ नाही. तिथं वर्तमानपत्रं, मासिकं आणि देवघेवीची पुस्तकं मिळतील, आणि रोजच्या वाचनाला तेवढं पुरतं. खोलात जायचं असेल तर तालुक्याचं किंवा जिल्ह्याचं ‘अ’ वर्ग वाचनालय गाठा. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. अशा जुन्या संस्थांच्या कपाटांत काय काय असतं याचा अंदाज बाहेरून येत नाही. गोव्यात असाल तर थेट पणजीला, पाट्टोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात जा.

घरातल्या कुणाला कुठे पाठवायचं

आजी-आजोबांना मुक्तद्वार विभागात. वर्तमानपत्रं तिथं कुणीही वाचू शकतं, सभासद असण्याची गरज नाही.

स्पर्धा परीक्षा देणाऱ्यांना अभ्यासिकेत. काही ठिकाणी महिन्याचं शुल्क असतं, काही ठिकाणी नसतं. जागेसाठी सकाळी लवकर जा.

मुलांना बालविभागात. मे महिन्यात बऱ्याच ठिकाणी कथाकथन, चित्रकला, हस्तलिखित असं काही ना काही चालू असतं. त्याची जाहिरात पेपरात शोधू नका, वार्षिक परीक्षा संपायच्या सुमारास जाऊन सूचनाफलक वाचा. एक विनंती मात्र आहे. मुलानं हातात घेतलेलं पुस्तक ‘हे तुझ्या वयाचं नाही’ म्हणत काढून घेऊ नका आणि त्याच्या जागी थोरांची चरित्रं कोंबू नका. वाचनाची गोडी लावायला निघालेले पालकच ती घालवतात, हे बालविभागाच्या दारात उभं राहिलं की रोज दिसतं.

१५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन या दिवशी कार्यक्रम ठरलेले. भाषणं टाळलीत तरी चालेल, ग्रंथप्रदर्शन चुकवू नका. एरवी कुलपात असलेली जुनी पुस्तकं त्या दिवशी टेबलावर मांडतात.

खरी मेख: कपाटातलं पुस्तक बाहेर काढणं

देवघेव विभागाच्या मांडणीवर दिसतात ती पुस्तकं म्हणजे संग्रहाचा एक भाग. दुर्मिळ ग्रंथ, मासिकांचे बांधीव खंड, वर्तमानपत्रांच्या फाईली, गॅझेटियरं (म्हणजे जिल्ह्याची समग्र माहिती देणारे सरकारी ग्रंथ) हे सगळं आत असतं आणि मागितल्याशिवाय बाहेर येत नाही. मला स्वतःला सगळ्यांत जास्त झुंजावं लागलं ते इथंच. ‘जाऊन नुसतं चाळत बसा, आपोआप सापडतं’ हा सल्ला तर निव्वळ वेळ घालवणारा आहे. बंद कपाट चाळणार कसं?

‘आमच्या गावाच्या इतिहासावर काही आहे का?’ असं काउंटरवर विचारलंत की ‘नाही’ हे उत्तर ठरलेलं. समोरच्याचा दोष नाही. त्या नावाचं पुस्तक खरोखरच नसतं. त्याऐवजी साधन मागा. ‘आपल्या जिल्ह्याचं गॅझेटियर बघायचंय, इंग्रजांच्या काळातलं आणि नंतरचं, दोन्ही.’ ‘१९६१ ची जिल्हा जनगणना पुस्तिका आहे का?’ पहिल्यात तुमच्या तालुक्याची पेठ, बाजाराचा वार, देवळं आणि रस्ते सापडतील. दुसरीत गावनिहाय लोकसंख्या मिळेल.

वर्तमानपत्राची फाईल मागताना नक्की तारीख न्या, आणि ती घटनेची नको, छापल्याची हवी. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे झाला. त्या सकाळचा अंक तोवर छापून झालेला. म्हणून १२ पासून पुढच्या आठवड्याभराचे अंक मागायचे. त्यातही वाचनालय मोठ्या शहरापासून लांब असेल तर तिथं डाक आवृत्ती, म्हणजे लांबच्या गावांना पाठवायला लवकर छापलेला अंक यायचा, म्हणजे बातमी आणखी एक दिवस मागे. हे माहीत नसलेला माणूस एकच अंक बघतो आणि ‘त्यात काहीच नाही’ म्हणून घरी जातो.

आता यादी. कार्डं असोत, छापील सूची असो की संगणक, मराठी पुस्तक शोधताना पुढच्या चार ठिकाणी हमखास अडायला होतं.

पहिलं, नाव. यादी आडनावानं लावलेली असते, आणि टोपणनावाखाली छापलेलं पुस्तक खऱ्या नावाखाली नोंदलेलं असू शकतं. कुसुमाग्रज सापडले नाहीत तर शिरवाडकर बघा. लेखिकांच्या बाबतीत तर फारच सावध राहा. बाळूताई खरे, विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ही एकाच बाईंची तीन नावं. माहेरचं, टोपण आणि सासरचं अशी तिन्ही बघितल्याशिवाय पुस्तक नाही असं मानू नका.

दुसरं, अक्षरक्रम. क्ष आणि ज्ञ कुणी वर्णमालेच्या शेवटी लावतं, कुणी क्ष ‘क’खाली आणि ज्ञ ‘ज’खाली. क्षीरसागर ‘क’ मध्ये नसतील तर शेवटचा खण उघडा.

तिसरं, जुनं लेखन, आणि इथं संगणक माणसापेक्षा जास्त त्रास देतो. मराठी शुद्धलेखनाचे आजचे नियम १९६२ चे, त्यांत १९७२ मध्ये भर पडली. त्याआधीच्या पुस्तकांवर ‘गांव’, ‘नांव’, ‘कांहीं’ असं छापलेलं असतं आणि नोंद करणाऱ्यानं ते जसंच्या तसं उतरवलेलं असतं. ग्रंथालयाच्या संगणकावर तुम्ही ‘गाव’ टाकलंत आणि नोंदीत ‘गांव’ असलं की यंत्राच्या लेखी पुस्तक नाही. म्हणून पूर्ण शीर्षक टाकूच नका. ज्यावर अनुस्वार किंवा ऱ्हस्व-दीर्घाचा घोळ होणार नाही असा एखादाच शब्द टाका, नाहीतर फक्त आडनाव.

चौथं, साल. जुन्या पुस्तकांवर शके असतं. त्यात ७८ मिळवले की इसवी सन येतो, वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत ७९. शके १८२५ म्हणजे १९०३-०४.

पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्यूई दशांश पद्धतीत मराठी साहित्याला ८९१.४६ हा क्रमांक आहे. पुढं १ आला तर कविता, २ नाटक, ३ कथा-कादंबरी, ४ निबंध. मांडणीपाशी जायला मिळत असेल तर हे पाठ असलेलं बरं, निम्मी चौकशी वाचते. सगळी वाचनालयं ही पद्धत पाळत नाहीत. तशा ठिकाणी दाखल क्रमांकावर, म्हणजे पुस्तक संग्रहात आलं तेव्हा त्याला दिलेल्या नोंद क्रमांकावर काम चालतं, आणि तो सूचीत पुस्तकाच्या नावापुढेच दिलेला असतो.

हे सगळं एका चिठ्ठीवर लिहा: आडनाव आधी, मग शीर्षक, अंदाजे साल, असल्यास दाखल क्रमांक. चिठ्ठी ग्रंथपालांच्या हातात द्या, तोंडी सांगू नका. वेळ दुपारची निवडा. संध्याकाळी देवघेवीची गर्दी असते, तेव्हा कपाटाची किल्ली शोधायला कुणालाही फुरसत नसते. ‘पुस्तक बाहेर गेलंय’ म्हणाले तर नाव राखून ठेवायला सांगा. ‘सापडत नाही’ म्हणाले तर भांडू नका, दोन दिवसांनी पुन्हा या असं तुम्हीच म्हणा. चिठ्ठी त्यांच्याकडे राहते आणि काम होतं. ‘ओळख काढा, कार्यकारिणीतल्या कुणाचा तरी फोन लावा’ असा सल्ला देणारेही भेटतील. कृपा करून असलं काही करू नका. फोनवरून आलेलं पुस्तक एकदा मिळतं. चिठ्ठी नीट लिहिणाऱ्याला पुढं ग्रंथपालच स्वतःहून ‘हेही बघा’ म्हणतात.

जुना बांधीव खंड हातात आला की तो टेबलावर सपाट ठेवा, पानं कोपऱ्यातून उलटा, थुंकी लावून तर मुळीच नाही. १९२०-३० च्या वर्तमानपत्राचा कागद घडीवर नुसतं बोट ठेवलं तरी तुटतो. झेरॉक्सला बहुतेक ठिकाणी नकार मिळतो आणि तो बरोबरच आहे, कारण काचेवर दाबताना बांधणी उसवते. मोबाइलनं फोटो काढायची परवानगी आधी मागा, फ्लॅश बंद ठेवा, आणि पहिला फोटो मुखपृष्ठाचा किंवा तारखेच्या ओळीचा काढा. नाहीतर घरी गेल्यावर कात्रणं कुठल्या अंकातली तेच कळणार नाही.

घरबसल्या

मराठी विश्वकोश, राज्याच्या साहित्य आणि संस्कृती मंडळाची बरीच पुस्तकं आणि गॅझेटियरं सरकारी संकेतस्थळांवर मोफत आहेत. आयआयटी खरगपूरचं राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयही आहे. स्कॅन केलेल्या जुन्या मराठी पुस्तकांची नावं अनेकदा रोमन लिपीत आणि मनाला येईल तशी टाकलेली असतात, तेव्हा ‘आत्मचरित्र’ एका ‘ए’नं आणि दोन ‘ए’नं, दोन्ही प्रकारे शोधा. लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी आपल्याकडे प्रताधिकार संपतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचं लेखन खुशाल उतरवून घ्या. हयात लेखकाची ‘फुकट पीडीएफ’ ही चोरी आहे, वाचनालयाची सेवा नव्हे.

घरात कुणाला दृष्टिदोषामुळे किंवा अन्य अपंगत्वामुळे छापील मजकूर वाचता येत नसेल तर २०१६ पासून सुरू असलेल्या ‘सुगम्य पुस्तकालय’ या ऑनलाइन ग्रंथालयात त्यांची नोंदणी करा. तिथं पुस्तकं ऐकता येतील अशा रूपात मिळतात.

आणि हवं ते पुस्तक वाचनालयात नसेलच, तर काउंटरवरची मागणी वही मागून घ्या. तीत शीर्षक, लेखक, प्रकाशक आणि किंमत लिहा. ‘चांगली पुस्तकं आणा’ असलं मोघम काही लिहू नका. खरेदीची यादी करणाऱ्याला तयार नोंद मिळाली तर ती तशीच उतरते. नोंद दिवाळीच्या आसपासच करून ठेवा. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि शेवटच्या दोन महिन्यांत याद्या आधीच ठरलेल्या असतात.