जास्वंदीची पाने पिवळी पडतात, कळ्या गळतात? या चुका टाळा

जास्वंदीचे फूल बहुधा एकच दिवस टिकते. काही संकरित वाणांची फुले दोन-तीन दिवस राहतात, पण झुडूप सतत रंगीत दिसायचे असेल तर त्याला रोज नव्या कळ्या तयार कराव्या लागतात आणि या कळ्या येतात त्या केवळ नव्या फुटीवर, कोवळ्या पानांच्या बगलेत. नवी फूट थांबली की बहर थांबतो. जास्वंदीच्या बाबतीत होणाऱ्या बहुतेक चुका शेवटी या फुटीलाच मारक ठरतात, आणि माझ्या पाहण्यात तरी दुर्लक्षाने दगावलेल्या झुडपांपेक्षा कारण न शोधता केलेल्या उपचारांनी दगावलेली झुडपे अधिक आहेत.

स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने 1753 मध्ये या झुडपाला जे शास्त्रीय नाव दिले, त्यातील ‘रोझा-सायनेन्सिस’ या शब्दांचा अर्थ ‘चीनचा गुलाब’ असा होतो. गुलाबाशी मात्र तिचे नाते नाही. ती कापूस, भेंडी आणि अंबाडी यांच्या कुळातील आहे. बागेत अनेकजण नकळत तिला गुलाबासारखेच वागवतात, तेच खत घालतात, तशीच कडक छाटणी करतात, आणि पुढच्या अनेक अडचणी तेथून सुरू होतात.

सर्वांत जास्त तक्रार येते ती पिवळ्या पानांची. पान पिवळे दिसताच पाणी वाढवणे ही पहिली चूक आणि खत घालणे ही दुसरी. पाणी कमी पडले तरी पाने पिवळी पडतात, जास्त झाले तरी पडतात. म्हणून आधी पानाकडे नव्हे, तर मातीकडे पाहावे. बोट दोन पेरे मातीत खुपसावे. आत ओल असूनही पाने मलूल दिसत असतील, तर मुळे गुदमरली आहेत किंवा कुजू लागली आहेत, आणि अशा वेळी घातलेला प्रत्येक तांब्या झुडपाला आणखी खचवतो. पाणी थांबवावे, कुंडीखालची ताटली रिकामी करावी, निचऱ्याचे छिद्र बुजले नाही ना हे पाहावे आणि वाफसा येईपर्यंत, म्हणजे माती चिखल न राहता नुसती ओलसर होईपर्यंत, वाट पाहावी. याउलट माती कोरडी आणि कुंडीच्या कडेपासून सुटलेली असेल, तर वरवर शिंपडलेले पाणी कडेने सरळ खाली निघून जाते व मुळांचा गड्डा कोरडाच राहतो. तेव्हा थोड्या थोड्या अंतराने दोन-तीनदा पाणी देऊन गड्डा पूर्ण भिजवावा.

मातीची ओल योग्य असूनही पिवळेपणा राहिला, तर कोणती पाने पिवळी पडली आहेत ते पाहावे. खालची, जुनी पाने एकेक करून पिवळी पडत असतील आणि शेंडा हिरवागार असेल, तर फार काळजीचे कारण नाही, कारण सदाहरित झुडूपही आपली जुनी पाने टाकतच असते. मात्र अशी पाने मोठ्या संख्येने पडू लागली आणि वाढ खुंटली, तर नत्र (नायट्रोजन) कमी पडत असण्याची शक्यता असते. शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले तर ती लोहाच्या कमतरतेची खूण आहे. बहुतेक वेळा मातीत लोह असते, पण माती किंवा पाणी चुनखडीयुक्त असल्यामुळे मुळांना ते घेता येत नाही. जास्वंदीला किंचित आम्लधर्मी, साधारण 6 ते 6.8 सामू (पीएच) असलेली माती मानवते. अशा वेळी चिलेटेड लोह, म्हणजे मुळांना सहज घेता येईल अशा रूपातले लोह, प्रमाणात द्यावे आणि कुजलेला पालापाचोळा मातीत मिसळत राहावे.

लोह न मिळण्याचे दुसरे कारण आपणच निर्माण करतो, ते म्हणजे स्फुरदाचा (फॉस्फरसचा) अतिरेक. फुले यावीत म्हणून हाडांचा चुरा किंवा भरपूर स्फुरद असलेले ‘फुलांचे खत’ वारंवार घालण्याची सवय गुलाबाकडून जास्वंदीकडे आली आहे. जास्वंदीला स्फुरद अगदी थोडे लागते. ते साठत गेले की लोह आणि जस्त यांचे शोषण अडते, फुले वाढण्याऐवजी कमी होतात आणि एकदा साठलेला स्फुरद मातीतून सहजासहजी निघून जात नाही. मी स्वतः एका झुडपाला दोन वर्षे हाडांचा चुरा घातला होता आणि शेवटी संपूर्ण माती बदलल्यावरच ते सावरले. या झुडपासाठी पालाश (पोटॅश) अधिक, नत्र मध्यम आणि स्फुरद कमी असलेले खत निवडावे, आणि एकदम मूठभर घालण्यापेक्षा वाढीच्या काळात थोडे थोडे, तेही ओल्या मातीत द्यावे. नत्राचाही अतिरेक नको, कारण मग पाने तजेलदार दिसतात पण कळ्या धरत नाहीत.

कळ्या धरतात पण उमलण्याआधी गळतात, ही तक्रार याहून वेगळी आहे. कुंडी एका जागेवरून दुसऱ्या जागी हलवणे, पाण्याच्या पाळ्या चुकणे, कडक उन्हाळा, रोज सहा तासांहून कमी ऊन, यांपैकी कोणत्याही कारणाने कळ्या गळू शकतात, आणि दुहेरी पाकळ्यांचे वाण एकेरी वाणांपेक्षा अधिक नाजूक असतात. कळ्यांनी लगडलेली कुंडी शक्यतो हलवू नये. या सर्व गोष्टी ठीक असतील, तर गळलेली एक कळी उभी चिरून पाहावी. आत बारीक पिवळसर-पांढऱ्या अळ्या दिसल्या, तर कळीत अंडी घालणारी मिज माशी हे कारण आहे. या अळ्या कळीतून निघून मातीत कोषावस्थेत जातात आणि साधारण तीन आठवड्यांत त्यांची नवी पिढी तयार होते. म्हणून गळलेल्या व पिवळ्या पडलेल्या सर्व कळ्या रोज वेचून बंद पिशवीत घालून नष्ट कराव्यात. निदान महिनाभर हे न चुकता करावे लागते. त्या कळ्या कंपोस्टमध्ये टाकणे म्हणजे किडीची सोय करणे होय.

किडींच्या बाबतीतही कुळाचे नाते उपयोगी पडते. मावा, पांढरी माशी, फुलकिडे आणि पिठ्या ढेकूण भेंडीवर व कपाशीवर येतात, तेच जास्वंदीवरही येतात. त्यामुळे भेंडीचा वाफा तिच्या शेजारी नसलेला बरा. खोडावर मुंग्यांची रांग दिसली की शेंडा व पानांची मागची बाजू लगेच तपासावी, कारण चिकट स्रावासाठी मुंग्या या किडींचे रक्षण करतात. पिठ्या ढेकणाच्या अंगावर मेणकट आवरण असल्याने वरवरची फवारणी वाया जाते. वेडावाकडा झालेला शेंडा कापून टाकावा, उरलेली कीड पाण्याच्या जोरदार धारेने धुवावी आणि मगच एक लिटर पाण्यात 5 मिली कडुनिंबाचे तेल व थोडा सौम्य साबण मिसळून संध्याकाळी फवारावे. भर उन्हात हीच फवारणी पाने करपवते.

छाटणीत गुलाबाचे अनुकरण सर्वांत महाग पडते. गुलाबाप्रमाणे सर्व फांद्या एकाच वेळी खाली आणल्यास पाने नष्ट होतात आणि मुळांना अन्न पुरवणारे काहीच उरत नाही. एका वेळी एक तृतीयांशाहून अधिक भाग कापू नये, काप बाहेर वळलेल्या डोळ्याच्या (जेथून नवा कोंब फुटतो त्या जागेच्या) थोडा वर घ्यावा आणि छाटणीनंतर फुलांसाठी दोन ते तीन महिने थांबावे. थंडीच्या तोंडावर छाटणी टाळावी, कारण तेव्हा आलेली कोवळी फूट गारठ्याने जळते. झुडूप गोल दिसावे म्हणून दर पंधरा दिवसांनी मोठ्या कात्रीने वरचा थर उतरवणाऱ्यांना फुले दिसत नाहीत, यात नवल नाही, कारण कळ्या जेथे येणार तोच भाग ते दरवेळी काढून टाकतात.

शेवटी एक अडचण, जी बहुतेकांच्या लक्षात उशिरा येते. पिवळे किंवा नारिंगी फूल पाहून आणलेल्या कलमावर दोन-तीन वर्षांनी साधी लाल फुले येऊ लागली, तर फुलांचा रंग बदललेला नसतो. कलमाच्या जोडाखालून खुंटाचे, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधले त्याचे, फुटवे वाढून त्यांनी वरच्या वाणाला मागे टाकलेले असते. लागवड करताना जोड मातीच्या वर राहील याची काळजी घ्यावी, आणि जोडाखाली कोंब दिसताच तो कात्रीने न छाटता, कोवळा असतानाच मुळापासून उपटून काढावा, म्हणजे त्याच जागी पुन्हा फुटत नाही.