कोंबड्या मोकळ्या सोडायच्या, पण आधी बोलवायला शिका

पहिल्या चार तलंगा, म्हणजे अंड्यावर यायच्या वयाच्या कोंबड्या, आणल्या, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुराड्याचं दार सताड उघडलं आणि आपल्या कामाला लागले. मोकळ्या फिरतील, किडे खातील, संध्याकाळी येतील. दिवेलागणीला बघते तर एक झाडावर, दोन शेजारच्या पत्र्यावर आणि चौथीचा पत्ताच नाही. टॉर्च घेऊन कुंपणाकडेनं वाकून वाकून शोधत होते, तेव्हा सासूबाई मागून म्हणाल्या, "अगं, त्यांचं घर कुठलं ते तू त्यांना सांगितलंस कधी?"

तर सुरुवात तिथून करा. नवीन कोंबड्या आणल्या की दहा-बारा दिवस खुराड्यात आणि त्याला लागून जाळीचं आवार असेल तर त्यात, एवढ्यातच ठेवा. दाणापाणी तिथेच, झोपणं तिथेच. कोंबडी रात्री जिथे बसते ती जागा तिच्या डोक्यात पक्की बसते, पण त्याला दिवस द्यावे लागतात. दया येऊन चौथ्या दिवशी सोडलंत तर टॉर्च तयार ठेवा.

याच दिवसांत त्यांना आवाजाची सवय लावायची. माझ्याकडे एक पोचा आलेला स्टीलचा डबा आहे, त्यात मूठभर दाणे. दाणा टाकण्याआधी प्रत्येक वेळी तो खडखडवायचा, नाहीतर नाही. आठवड्याभरात डबा वाजला की पंख पसरून धावत येतात. मात्र डबा एकच ठेवा आणि तो घरात कुणाला देऊ नका. आमच्या ह्यांनी एकदा त्यात खिळे भरून ठेवले. त्यांनी डबा उचलला की कोंबड्या पायात, आणि दाणा काही मिळेना. चार दिवसांत डब्याची पत गेली, ती परत मिळवायला मला पंधरवडा लागला.

पहिल्यांदा सोडाल ते मावळतीच्या तासभर आधी, आणि दुपारचा दाणा न देता. पोट रिकामं असलं की लांब जात नाहीत आणि डबा ऐकतात. दुसऱ्या दिवशी थोडं आधी सोडा, मग आणखी थोडं. आठ-दहा दिवसांनी दिवसभर सोडायला हरकत नाही. कोंबडीला अंधुक उजेडात नीट दिसत नाही, त्यामुळे कातरवेळ झाली की ती आपणहून घराकडे वळते. हाकलत आणायची गरज नसते. हाकलल्यावर उलट बिथरतात.

दिवसभर म्हणजे उजाडल्यापासून मात्र नाही. मी दहा-साडेदहाशिवाय दार उघडत नाही, कारण बहुतेक अंडी सकाळीच पडतात. आधी सोडलं तर अंडं कुठल्या तरी झुडपात जातं आणि एकदा जागा आवडली की बाकीच्याही तिथेच घालायला लागतात. मला सरपणाच्या ढिगामागे एकदम सतरा अंडी सापडली होती. तोवर मी समजत होते की कोंबड्यांनी अंडी घालणंच थांबवलं. एक अंडं तयार व्हायला चोवीस ते सव्वीस तास लागतात, म्हणून घालायची वेळ रोज थोडी पुढे सरकते आणि एखादी दुपारीच घालते. तिच्यासाठी खुराड्याचं दार दिवसभर उघडं हवं आणि अंडी घालायच्या खोक्यात एक लाकडी अंडं किंवा अंड्याएवढा गुळगुळीत गोटा ठेवायचा. तो बघून तिथेच बसतात. सापडलेली जुनी अंडी पाण्यात टाकून बघा. तळाशी आडवं पडलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर टाकून द्या.

आता शत्रू. दिवसा कुत्रा, घार आणि मुंगूस, रात्री उदमांजरासारखी जनावरं. घारीसाठी आभाळभर जाळी लावणं जमत नाही, पण लपायला जागा देता येते. उघड्या मैदानात कोंबड्या घाबरलेल्या राहतात आणि भिंतीच्या कडेलाच घोटाळतात. मी दोन मोडकी टेबलं अंगणात टाकून ठेवलीत, येणारेजाणारे हसतात. घार दिसली की सगळ्या टेबलाखाली.

आणि ती घार आधी दिसते कोंबड्याला. कोंबडा ठेवणं शक्य असेल, शेजाऱ्यांची पहाटेची झोप आड येत नसेल, तर जरूर ठेवा. तो दोन वेगवेगळ्या हाका देतो. आभाळातून काही आलं तर बारीक, लांबट किंकाळीसारखा आवाज, आणि सगळ्या जागच्या जागी दबतात किंवा आडोशाला पळतात. जमिनीवरून कुत्रा-मांजर आलं तर तोडून तोडून मोठ्यानं 'कक्-कक्-कक्' आणि सगळ्या माना वर. महिनाभर कान दिलात तर घरातून कळतं, आभाळाकडे बघत धावायचं की काठी घेऊन. पहिल्या हाकेला मी हातातलं टाकून जाते. दुसरीला आधी खिडकीतून बघते, बहुतेकदा शेजारचं मांजरच असतं.

रात्रीची बाजू दाराची आहे. कोंबड्यांची म्हणून जी पातळ षटकोनी जाळी मिळते ती कोंबडीला आत ठेवते, कुत्र्याला बाहेर ठेवत नाही. तो ती दातानं फाडतो. अर्ध्या इंचाची जाड वेल्डेड जाळी लावा आणि तळाशी हातभर बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून मातीनं झाका, म्हणजे उकरणाऱ्याच्या पंजाला जाळीच लागते. एकदा आम्हाला परतायला उशीर झाला. वाऱ्यानं खुराड्याचं दार आपटून बाहेरून कडी पडली होती. कोंबड्या शहाण्यासारख्या घरी आल्या होत्या आणि बंद दाराला चिकटून बसल्या होत्या. दोन गेल्या. दोष त्यांचा नव्हता. तेव्हापासून उघड्या दाराला वीट लावते, दार लावताना मोजते, मगच वीट उचलते.

बाकीचं थोडक्यात. मोकळी फिरली म्हणून कोंबडीचं पोट भरतं असं नाही. अंडी देणारीला दिवसाला शंभर ते एकशेवीस ग्रॅम खाद्य लागतं, ते संध्याकाळी घरीच द्या, परत येण्याचं कारणही होतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाटीत ठेवा, ज्या त्या हवा तेवढा खातात. कोरड्या मातीचा एक कोपरा लोळायला सोडा, पिसांतल्या उवा त्यानं कमी होतात. उंदराचं विष, फवारलेलं गवत आणि थर्माकोल अंगणात नको. थर्माकोल तर इतक्या आवडीनं खातात की बघवत नाही. भाजीच्या वाफ्यांना मात्र कुंपण घाला. "थोडं उकरतील, काय होतंय" असं मीही म्हणाले होते, अर्ध्या तासात रोपं मुळं वर करून पडली. कुंपणावरून उडणारीच्या एकाच पंखाची लांब पिसं कापायची, दोन्ही नाही, म्हणजे तोल जातो आणि उडता येत नाही. पिसाच्या दांड्यात रक्त दिसलं तर ते कापू नका. मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस आणि जंताचं औषध पशुवैद्यांना विचारून वेळेवर द्या, आणि आसपास बर्ड फ्लू असेल तर ती साथ सरेपर्यंत सोडणं बंद.

आमच्या कोंबड्यांत एक मास्तरीण आहे, ती रोज सगळ्यांच्या शेवटी येते आणि कधी कधी येतच नाही, लिंबाच्या फांदीवर बसते. पाठीमागे लागून उपयोग नसतो. अंधार पडू द्यायचा, मग दोन्ही पंख अंगाशी धरून अलगद उचलायची. अंधारात ती हूं की चूं करत नाही. आत दांडीवर नेऊन बसवायची आणि परत मोजायचं.