पांडासच्या स्प्रिंटसाठी कामांची आखणी: माझा अनुभव

पांडास या पायथन लायब्ररीसाठी स्वयंसेवकांचा एक दिवसाचा स्प्रिंट (ठरवून एकत्र काम करण्याचा कार्यक्रम) आखताना दोन अडचणी ठरलेल्या असत: नवख्यांसाठी म्हणून खूण केलेली कामे बहुधा आधीच कोणीतरी उचललेली असत आणि सी व सायथन या भाषांतील भाग कंपाइल होण्यातच, म्हणजे संगणकाला चालवता येईल अशा रूपात येण्यातच, अनेकांची दुपार होई.

यावर तोडगा जुन्या उदाहरणात सापडला. १० मार्च २०१८ रोजी पांडासने जगभरच्या गटांना घेऊन दस्तऐवजांचा स्प्रिंट केला होता, त्यात कामाचे एकक एकेका फंक्शनची डॉकस्ट्रिंग (कोडमध्येच लिहिलेली त्या फंक्शनची माहिती) हे होते. मीही तेच धोरण स्वीकारले. पांडासच्या कोडच्या भांडारातील डॉकस्ट्रिंग तपासणारी स्क्रिप्ट आधीच चालवून मी त्रुटींची यादी काढली. तिच्यात एसए०१ या कोडचा अर्थ संबंधित फंक्शनांचा विभाग दिलेला नाही आणि ईएक्स०१ चा अर्थ उदाहरण दिलेले नाही. यांपैकी उदाहरण लिहिण्याचे काम मला अधिक मोलाचे वाटते, कारण ते लिहिणाऱ्याला फंक्शन खरोखर वापरून पाहावेच लागते. प्रत्येक कामासोबत फाइलचे नाव, त्रुटीचा कोड आणि ‘स्क्रिप्टने ही त्रुटी दाखवणे थांबवले की काम पूर्ण’ एवढाच निकष दिला.

दोघांनी एकच काम करू नये म्हणून इश्यूखाली (कामाच्या ऑनलाइन नोंदीखाली) ‘टेक’ लिहून ते स्वतःच्या नावावर घेण्याची सोय होती, ती आवर्जून सांगितली. कंपाइल करण्याच्या सूचना मात्र आठवडाभर आधीच पाठवल्या; ज्यांना ते जमले नाही, त्यांच्याकडे यादीची पडताळणी सोपवली.