लिनक्सवर वायरलेस माउस अडखळत असेल तर

सांगलीच्या मार्केट यार्डातील एखाद्या हळदीच्या पेढीवर लिनक्सच्या संगणकाचा वायरलेस माउस अडखळू लागला, तर सेल बदलूनही फरक न पडल्यास माउसचे संदेश पकडणारा यूएसबीचा छोटा रिसीव्हर कुठे खोचला आहे ते पाहावे. यूएसबी ३.० च्या पोर्टमधून, विशेषतः शेजारी बाहेरची हार्डडिस्क चालू असताना, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विद्युत गोंगाट पसरतो आणि माउसचा क्षीण संदेश त्यात हरवतो. म्हणून रिसीव्हर छोट्या एक्स्टेन्शन केबलने माउसजवळ आणावा. मात्र विसाव्यानंतरची पहिली हालचालच वाया जात असेल, तर वीजबचतीचे ऑटोसस्पेंड, म्हणजे वापर नसताना यूएसबी उपकरण आपोआप झोपवणारी सोय, तपासावे: वीजवापर दाखवणाऱ्या पॉवरटॉप या प्रोग्रॅमच्या ‘ट्यूनेबल्स’ पानावर रिसीव्हरसमोरील ‘गुड’ एंटर दाबून ‘बॅड’ करावे. शब्दाला बिचकू नये, तिथे ‘बॅड’ म्हणजे केवळ बचत बंद. संगणक पुन्हा सुरू केल्यावर हा बदल टिकत नाही. कायमचा हवा असल्यास यूडेव्हचा, म्हणजे लिनक्समध्ये जोडलेली उपकरणे हाताळणाऱ्या यंत्रणेचा, नियम लिहावा.