अ‍ॅलिल बेरियम: बंध अल्फा टोकालाच हवा असेल तेव्हा

जेरानिल क्लोराइडचं (दुहेरी बंधाशेजारच्या कार्बनवर क्लोरीन असलेल्या, म्हणजे अ‍ॅलिल प्रकारच्या संयुगाचं) ग्रिन्यार, म्हणजे मॅग्नेशियम संयुग, करून त्यात कार्बन डायऑक्साइड सोडला, की नवा बंध बहुतांशी गॅमा कार्बनवर (क्लोरीन होता त्या अल्फा कार्बनवर नव्हे, तर दुहेरी बंधाच्या पलीकडच्या टोकाला) होतो आणि हाती येतं ते बाजूला व्हिनिल लोंबणारं आम्ल. सरळ साखळी हवी आणि दुहेरी बंधाची ई भूमितीही (मुख्य गट बंधाच्या विरुद्ध बाजूंना) टिकायला हवी, तर मॅग्नेशियमशी झटापट करू नका, बेरियम घ्या. यानागिसावा आणि यामामोटो या जपानी रसायनशास्त्रज्ञांनी १९९०च्या दशकात बसवलेली ही पद्धत दिसते तेवढी अवघड नाही. फक्त ती ओलावा आणि घाई अजिबात चालवून घेत नाही.

बेरियमचा तयार तुकडा इथे निरुपयोगी. धातू फ्लास्कमध्येच ताजा बनवायचा. बेरियम आयोडाइड बहुधा डायहायड्रेट असतं. ते बारीक करून व्हॅक्यूमखाली १५० अंशांवर दोनेक तास वाळवा. इथे चालढकल केलीत तर उरलेलं पाणी पुढचं सगळं खाऊन टाकेल. दुसऱ्या फ्लास्कमध्ये कोरड्या टीएचएफमध्ये (टेट्राहायड्रोफ्युरान हे द्रावक) लिथियम आणि बायफेनिल ढवळत ठेवा: एका मोल बेरियमला दोन मोल लिथियम, बायफेनिल किंचित जास्त. वायू आर्गॉनच, नायट्रोजनची लिथियमशी अभिक्रिया होते. गडद निळा-हिरवा रंग चढला, की हे द्रावण कॅन्युलाने (दोन्ही टोकं उघडी असलेल्या पोकळ सुईने) टीएचएफमधल्या आयोडाइडवर सोडा. रंग मोडून गडद तपकिरी गढूळ द्रव झाला की समजा, बेरियम तयार. अर्धा तास ढवळा.

आता ड्राय आइस-अ‍ॅसिटोनचा बाथ लावून उणे ७८ अंश. क्लोराइड बेरियमपेक्षा कमीच घ्या आणि टीएचएफमध्ये पातळ करून थेंब थेंब सोडा. भसकन ओतलंत तर तयार झालेलं अ‍ॅलिल बेरियम उरलेल्या क्लोराइडलाच जाऊन चिकटतं आणि डायमर, म्हणजे दोन साखळ्या जुळलेलं संयुग, पदरात पडतो. (फार्नेसिल ब्रोमाइडपासून स्क्वालीन करायचं असेल तर तेच हवं असतं म्हणा.) बाथ मात्र काढू नका. थंडीतच दुहेरी बंधाची भूमिती टिकते, म्हणून अल्डिहाइड (अल्कोहोल हवं असेल तर) किंवा कोरडा कार्बन डायऑक्साइडही (आम्ल हवं असेल तर) उणे ७८ अंशांवरच द्या.

आम्ल बनवलं असेल तर अल्कलीत ओढून घ्या, बायफेनिल ईथरमध्ये मागे राहतं. अल्कोहोल असेल तर क्रोमॅटोग्राफीचा कॉलम लागतो. बायफेनिल हेक्सेनबरोबर आधीच उतरतं.

उरलेली धातूची भुकटी हवेत पेट घेऊ शकते. ती आर्गॉनखाली, थंडीतच आयसोप्रोपेनॉलने हळूहळू मारा. विरघळणारे बेरियम क्षार विषारी असतात, त्यामुळे पाण्याचा थर सिंकमध्ये जाऊ देऊ नका. सोडियम सल्फेट घालून पांढरा साका बसवा, गाळा आणि धातूंच्या कचऱ्यात टाका.