अनवट मायनर स्केल्स वाजवताना या चुका टाळा

हार्मोनिक मायनर (सातवा सूर अर्ध्या स्वराने चढवलेली मायनर स्केल) जरा हाताला बसली की पुढच्याच आठवड्यात हंगेरियन, नेपोलिटन, अल्टर्ड असं सगळं एकदम हवं असणारे विद्यार्थी मी वर्षानुवर्षं बघतोय. बोटं पुढे धावतात, कान मागे राहतो आणि चुका त्याच त्या होतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे अख्ख्या गाण्यावर हार्मोनिक मायनर पांघरणं. ही मी स्वतः केली आहे. ए मायनर, जी, एफ, ई अशा साध्या उतरत्या कॉर्ड्स होत्या आणि मी गिटारवर सोलो वाजवत होतो. दर फेरीला दुसऱ्या कॉर्डवर काहीतरी खुपायचं. तीनदा गिटार सुरात लावली, एक तारही बदलली. शेवटी कीबोर्डवाल्याने जी कॉर्ड दाबून धरली आणि म्हणाला, "आता तू लांबवतोस तो सूर लाव." मी लावला. त्याच्या कॉर्डमध्ये जी, माझ्या बोटाखाली जी शार्प. तारेचा काहीच दोष नव्हता.

ए हार्मोनिक मायनरमध्ये (ए, बी, सी, डी, ई, एफ, जी शार्प) जी शार्प येतो तो मुख्यतः ई मेजर कॉर्डसाठी. ई, जी शार्प, बी यांतला जी शार्प ए कडे ओढ घेतो आणि ती ओढ हवी म्हणूनच सातवा सूर चढवलेला असतो. जी कॉर्डवर तो सूर लांबवायचं कारणच नाही. तेव्हापासून सोलो बसवण्याआधी मी फक्त दोन सूर घेऊन गाणं फिरून येतो: जी कॉर्डवर जी, ई कॉर्डवर जी शार्प. बाकीचं नंतर.

दुसरी चूक मोडची, म्हणजे त्याच स्केलमधला दुसरा सूर सा मानण्याची. एक विद्यार्थी मोठ्या उत्साहाने म्हणाला, "सर, हा ई फ्रिजियन डॉमिनंट." खाली ए मायनर कॉर्ड अखंड चालू होती. मी त्याला मध्येच थांबवलं आणि म्हटलं, "सा गा." त्याने गायला तो ए. मग मोड बदलला कुठे? ती ए हार्मोनिक मायनरच होती, पाचव्या सुरापासून सुरू केलेली.

खाली तानपुऱ्यासारखा ई धरा आणि तेच सात सूर वाजवा: ई, एफ, जी शार्प, ए, बी, सी, डी. आता सा ई वर बसतो. एफ ते जी शार्प ही 3 अर्धस्वरांची उडी आधी कोमल ध आणि शुद्ध नी यांच्यात होती, ती आता कोमल रे आणि शुद्ध ग यांच्यात आली, म्हणून रंग वेगळा लागतो. हे गळ्यातून आल्याशिवाय मी पुढचा मोड शिकवत नाही. मोडचे तक्ते तर देतच नाही. ते पाठ होतात आणि ऐकणं थांबतं.

मेलडिक मायनरमध्ये सहावा आणि सातवा सूर 'चढताना चढे, उतरताना नॅचरल' (न चढवलेले) एवढंच घोकू नका. जॅझमध्ये सहावा-सातवा दोन्हीकडे चढेच ठेवतात आणि जुना पाश्चात्त्य संगीतकार बाखसुद्धा डॉमिनंट (पाचव्या सुरावरच्या) कॉर्डवर उतरताना ते चढे ठेवतो.

जी सेव्हन कॉर्डवर (जी, बी, डी, एफ) अल्टर्ड, म्हणजे पाचवा आणि नववा सूर चढवून-उतरवून घेणारी स्केल, हवी तर ए फ्लॅट मेलडिक मायनर घ्या. जी मेलडिक मायनर घेतलीत तर तिच्यातला एफ शार्प कॉर्डमधल्या एफशी भांडेल.

ए हंगेरियन मायनर लिहिताना डी शार्पच्या जागी ई फ्लॅट लिहू नका. सात नावं, प्रत्येक एकदाच: ए, बी, सी, डी शार्प, ई, एफ, जी शार्प.

'जिप्सी स्केल' म्हटलं की सूर विचारून घ्या. हंगेरियन मायनरलाही ते नाव लावतात आणि फ्रिजियन डॉमिनंटलाही.

कीरवाणी रागाचे सूर हार्मोनिक मायनरचेच आहेत, पण तेवढ्यावर कीरवाणी होत नाही. रागाला चलन लागतं. सुरांची ओळख मात्र उपयोगी पडते. भैरव गळ्यात असेल तर हंगेरियन मायनरसाठी वेगळं काही घोकू नका. तानपुरा मध्यमावर लावा, त्यालाच सा माना आणि भैरवचेच सूर लावत वर जा. जुना कोमल ध आता कोमल ग होतो, शुद्ध नी तीव्र म होतो, कोमल रे कोमल ध होतो, शुद्ध ग शुद्ध नी होतो. गाताना पुन्हा पुन्हा जुन्या सा वर येऊन विसावत असाल, तर तानपुरा जरा मोठा करा आणि पहिल्या सुरापासून परत सुरू करा.