दर बदलला तरी जुनं बिल हलता कामा नये

२२ सप्टेंबर २०२५ ला मोटारीच्या सुट्या भागांवरचा (एचएसएन म्हणजे मालाच्या वर्गाचा क्रमांक, इथे ८७०८) जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. अशा दिवशी पहिला मोह होतो तो बिलिंगच्या सॉफ्टवेअरमधला आयटम मास्टर, म्हणजे मालाची यादी, उघडून २८ खोडायचा आणि १८ घालायचा. नवी बिलं बरोबर निघतात. घोळ तीन दिवसांनी कळतो. २० तारखेला नेलेली हजाराची क्लच प्लेट गिऱ्हाईक २५ ला परत आणतं आणि संगणक १,१८० ची क्रेडिट नोट, म्हणजे परत आलेल्या मालाची रक्कम वजा करणारा कागद, काढतो. मूळ बिल १,२८० चं असतं.

म्हणून दर आयटममध्ये ठेवूच नका. वेगळा तक्ता करा, त्यात चार रकाने: एचएसएन, दर, कधीपासून, कधीपर्यंत. ८७०८ ची जुनी ओळ २१-९-२०२५ ला बंद करा, नवी २२-९-२०२५ पासून उघडा, तिचा शेवटचा रकाना रिकामा ठेवा. जुनी ओळ खोडायची नाही. बिल करताना लागलेला दर त्या बिलातच कायमचा लिहिला गेला पाहिजे, आणि क्रेडिट नोटेनं तक्ता न बघता मूळ बिल बघावं. एक पळवाटही ठेवा: दर बदलाच्या आसपास माल, बिल आणि पैसे या तिन्हींपैकी दोन गोष्टी बदलाच्या तारखेच्या ज्या बाजूला पडतात त्या बाजूचा दर लागतो, त्यामुळे हातानं दर निवडायची सोय हवी.

बेळगावात आणखी एक भानगड असते. उद्यमबागेतून माल कर्नाटकातल्याच खानापूरला गेला तर ९ टक्के केंद्राचा अधिक ९ राज्याचा, महाराष्ट्रातल्या चंदगडला गेला तर सगळा १८ टक्के आयजीएसटी, म्हणजे आंतरराज्य जीएसटी. माल पोचण्याचं राज्य यादीतून निवडायला लावा आणि गिऱ्हाइकाच्या जीएसटी क्रमांकाच्या पहिल्या दोन अंकांशी ताडून बघा: २९ कर्नाटक, २७ महाराष्ट्र. टाइप केलेल्या पत्त्यावर विसंबू नका. १ नोव्हेंबर २०१४ ला शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं, आणि एकच गिऱ्हाईक बेळगाव, बेळगावी, बेलगाम अशा तीन खात्यांत विखुरलं की उधारी वसूल करताना घाम फुटतो. गावाला एक कोड द्या, नावं मग कितीही जोडा.

ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, किती उलाढालीपासून सक्तीचं ती मर्यादाही सेटिंगमध्येच हवी. ऑक्टोबर २०२० मध्ये ती ५०० कोटी होती, ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटी. दर वेळी प्रोग्रामरला फोन करणं परवडणारं नाही.

बदल आधी डेटाच्या कॉपीवर करा. चार जुनी बिलं बाजूला काढा: खानापूरचं, चंदगडचं, परतीचं, पैशांत राउंडिंग झालेलं. ती पुन्हा चालवा. पैशापर्यंत जुळली तरच काउंटरच्या संगणकाला हात लावा. नाही जुळली तर त्या दिवशी छापील बिलबुक वापरा, पण त्याची नंबरमालिका वेगळी ठेवा, नाहीतर एकच नंबर रिटर्नमध्ये दोनदा जाईल.